मोबाईलला तेरावा नसतो

मला गळा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कार्यक्रमाच्या जाहिरातीत पोरं हौसेनं 'गायिका' असं छापतात आणि मग लोक गाण्याची वाट बघत बसतात. मी गात नाही, बोलते. बाजूला आमचे मालक क्लॅरनेट वाजवतात आणि त्या सुरावर मी बोलते, एवढंच आमचं. तरुण पोरं ह्याला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. ते नाव माझ्या तोंडात बसत नाही.

मालक फौजेत होते, पण बंदुकीपेक्षा क्लॅरनेटच जास्त धरलं त्यांनी. पलटणीच्या बँडात उमेद गेली. पेन्शनीवर घरी आले तेव्हा ते वाद्य बरोबर आणलं. कोरेगावच्या बाजूला आमचं गाव. तिथं कुणाला क्लॅरनेट माहीत असणार? पिपाणीच म्हणायचे सगळे. हे रस्त्यानं निघाले की पोरं ओरडायची, "फौजी, वरात कवा हाय?" हे म्हणायचे, "तुझी निघू दे, फुकट वाजवतो."

उसाच्या बांधावर बसून हे वाजवायचे आणि मी आत भांगलत, तण काढत असायचे. भांगलताना प्रत्येक बाईला एकेक ओळ वाटून दिलेली असते, तिला पात म्हणतात. पात सरकावी, ऊन कळू नये म्हणून मी पहिल्यापासून खुरप्याच्या तालावर काहीबाही बोलत जायचे. बायका म्हणायच्या, हिच्या शेजारची पात मला द्या. एक दिवस मी बोलत होते आणि बांधावरून ह्यांनी माझ्याच तालात सूर धरला. मी लाजले, थांबले. तर हे म्हणतात कसे, "थांबू नगंस. बँडमास्तर म्हणायचा, चुकला तरी चालतंय, थांबला तर पलटण हसती."

तिथून हे सुरू झालं. साताऱ्याच्या एक बाई गावात कसल्याशा शिबिराला आल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि बोलावलं. मग वाईला घाटाच्या पायऱ्यांवर बोललो, मग एका कॉलेजात. मी म्हणायचे ते असलं काहीतरी असायचं:

माझ्या पातीला आली दगडाची ढेकळं,
खुरप्याला म्हटलं, दमलास का रं?
खुरपं म्हणालं, मला काय विचारतीस,
हाताला विचार, त्याला तर मूठबी न्हाई.

लोक हसायचे, मध्येच गप व्हायचे. मला त्यांचं गप होणं आवडायचं.

आमची एकच लेक. सांगलीजवळ कुपवाडला दिली होती. नावं मी घालत नाही, कुपवाडात घरं काय कमी आहेत. जावई तिथल्याच एका कारखान्यात लेथवर. माणसं वाईट नव्हेत. भाड्याच्या दोन खोल्यांत दिवस काढले आणि पै पै करून स्लॅबचं घर बांधलं. त्या घराची वास्तुशांत ठरली, आणि नेमकं आमच्या भावकीत कोणीतरी वारलं. सुतक पडलं. सुतकातल्या माणसानं पूजेच्या घरात पाऊल टाकायचं नसतं, म्हणून लेकीच्या वास्तूला आम्हाला जाता आलं नाही. आहेराची साडी कपाटातच राहिली. पूजेच्या सकाळी तिला फोन केला तर आवाज बसलेला. म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "होमाचा धूर गं आई. बसायचं हाय अजून."

त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही. डेंगी होता. पूजा झाल्यावर दवाखान्यात नेली, रक्तातल्या पेशी पार उतरल्या होत्या, आणि तिथंच गेली.

आम्ही पोचलो तेव्हा दाराला झेंडूचं तोरण तसंच होतं. कुणाला काढायचं सुचलं नव्हतं. गाडी गल्लीच्या वळणावर थांबली आणि माझी नात, तेव्हा शाळेत नुकती जायला लागलेली, पळत आली. मिठी मारून माझ्या कानात म्हणाली, "आजी, मम्मीचं अंग लय भाजत होतं. मी म्हटलं तिला, होमाजवळ नको बसू. तर म्हणाली, उठलं तर पूजा मोडती."

मला अजून तिचा श्वास कानाला लागलेला आठवतो.

आता हेल म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडं, त्यातून माझ्या माहेरी, माण तालुक्याच्या बाजूला, मयताच्या घरी बाई नुसती रडत नाही. सूर धरून, शब्द लावून रडते. गल्लीच्या तोंडापासूनच सुरू करायचं. मेलेल्या माणसाचं सगळं सांगायचं, काय खायचा, काय सोसलं, कोण कसं वागलं. आतून दुसरी बाई त्याच सुरात उत्तर देत बाहेर येते, आणि दोघी गळ्यात पडतात. हेल कानावर आला की हेल द्यायचा, एकटीला रडू द्यायचं नाही. आणि त्या वेळी बाई काय बोलेल ते बोलेल, त्याचा जाब तिला कोणी विचारत नाही. जावेनं जावेला, सुनेनं सासूला, जन्मभर जे तोंडावर म्हणता आलं नाही ते हेलात म्हणून घ्यायचं. तेराव्याला गोड जेवण झालं की ते बोलणं मिटलं. मोठमोठी भांडणं मी अशी निस्तरलेली बघितली आहेत.

तर त्या दिवशी मी हेल काढला. पोरीनं कानात सांगितलेलं सगळं सुरात आलं.

माझ्या बयेऽ, नव्या घराला चार भिंती केल्या गं,
तुला पडायला एक कोपरा न्हाई केला गं.
अंगाचा होम झाला, होमाम्होरं बसीवली गं,
पूजा मोडू नये म्हणून तू मोडलीस गं.

विहीणबाई हेल देत आतून आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या एका बाईनं माझं रडणं चालू असताना हळूच तोरण काढलं आणि मागं नेलं. तेराव्याला विहीणबाईंनी मला घास भरवला, मी घेतला. नात बापाजवळच राहायची ठरली, शाळा तिथली. दिवाळीला आणि मे महिन्यात आमच्याकडं यायची, असं जावईबापूंनी स्वतःहून सांगितलं आणि पाळलं.

पुरुषानं हेल काढायचा नसतो. मालक त्या दिवशी समोरच्या पत्र्याखाली हाताची घडी घालून उभे होते. लाकडं रचायला गेले, आले, आंघोळ केली. नंतर वर्षभर क्लॅरनेट पेटीतनं निघालं नाही. मीही कुठं बोलायला गेले नाही.

वर्ष सरल्यावर सांगलीच्या कार्यक्रमवाल्या पोरांनी बोलावलं. हॉल भरला होता. भांगलणीचंच बोलायचं असं आमचं ठरलं होतं. ह्यांनी तोंडाला क्लॅरनेट लावलं, पत्ती ओली केली, आणि ठरलेला सूर लागलाच नाही. एक लांब सूर वर गेला, वर जाऊन फाटला, आणि पायरी पायरीनं खाली उतरला. पुन्हा वर, पुन्हा फाटला. तो हेल होता. अख्ख्या जन्मात बायकांचा ऐकलेला हेल हे वाजवत होते. डोळे मिटलेले, गालाच्या शिरा तटतटलेल्या.

मी काय करायला पाहिजे होतं ते लोक मला नंतर पुष्कळ सांगायला लागले. माझ्यापुढं तेव्हा एवढंच होतं, की कोणीतरी एकटं रडतंय. मी हेल दिला. माझ्या बयेऽ, नव्या घराला चार भिंती. सगळं तेच.

संपलं आणि टाळ्या वाजल्या. हेलाला टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. लोक उठून उभे राहिले होते. पुढच्या रांगेतल्या मुलींचे मोबाईल वर धरलेले होते.

येताना एसटीत हे म्हणाले, "वाजवायचं न्हवतं मला. आपोआप आलं."

"आलं ते बरं झालं," मी म्हटलं. "आत सडलं असतं."

आठ-दहा दिवसांत आमच्या गावातल्या दुकानदाराच्या मोबाईलवर मी आले. बायका म्हणायच्या, "लय रडीवलंसा वो." मला कसंतरी व्हायचं, पण वाईट काही वाटलं नाही. मग जावईबापूंचा फोन आला. एरवी बोलायच्या आधी "मामी, बरं हाय न्हवं" म्हणणारा माणूस. त्या दिवशी म्हणाला, "पोरगी ह्या दिवाळीला येणार न्हाई. पुढंबी न्हाई. वाट बघू नका." आणि ठेवला.

एक लेक गेली होती. तिचं जेवढं ह्या जगात उरलं होतं ते ह्या पोरीत होतं. तिच्यासारखीच नाक फेंदारून हसते. दिवाळीच्या फराळाची डाळ मी दळून आणली होती, ती तशीच डब्यात घालून आम्ही दोघं कुपवाडला निघालो. सांगलीपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. कारखान्यांची पाळी सुटली होती, मोटरसायकलींचा लोंढा अंगावर आला. त्या गर्दीत मला उगीच वाटत राहिलं की जावईबापू दिसतील आणि हसतील.

ते घरीच होते. विहीणबाईंनी आधी पाणी दिलं. पाणी दिलं म्हणजे हाकलणार नाहीत, असं मी मनाशी धरलं. नात स्वैपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. माझ्याकडं बघून हसली, मग बापाकडं बघून मान खाली घातली.

"बोला," विहीणबाई म्हणाल्या. "आज हिथं बोला. मोबाईलात बोलता तसं."

मी म्हटलं, "विहीणबाई, हेल होता तो. तुमाला काय सांगायचं."

"मला सांगूच नका. त्या दिशी माझ्या दारात काय काय बोललासा, मी तोंड उघडलं का? गळ्यात पडून रडले मी. आमच्यातबी हेल हाय, आमी काय बिनरिवाजाची माणसं न्हाई. तेराव्याला माझ्या हातचा घास घेतलासा, तवा मिटलं की न्हाई? मग ह्या मोबाईलला तेरावा हाय का वो? रोज नवा माणूस ऐकतोय. रोज माझ्या दारात मढं उतरतंय."

इतकी वर्षं हेल काढले, दिले, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"ह्याचं दुसरं लगीन ठरत आलं होतं," त्या लेकाकडं हात करून म्हणाल्या. "तासगावकडची माणसं. गरीब होती, चांगली होती. त्यांच्या पोरानं मोबाईल दाखवला आन् सांगून धाडलं, आमची पोरगी आमाला जाळायची न्हाई. जाळायची! मी सून जाळली का वो?"

"तसं मी कुठं म्हटलंय?"

"अंगाचा होम झाला म्हटलंसा. आता लोकं काय ऐकतील ते ऐकतील."

जावई इतका वेळ जमिनीकडं बघत होते. ते म्हणाले, "मामी, मी मारलं का तिला?"

"न्हाई."

"गोळी खाऊन बसली ती. मला म्हणाली, कणकण हाय. पूजेला जोडीनं बसावं लागतं. भटजी आलेले, माणसं जेवायची होती. कणकण कुणाला येत न्हाई?" त्यांचा आवाज चिरला, मग परत कडक झाला. "आन् तुमी तर त्या दिशी नव्हता. सुतकात होता. तिचं अंग भाजत होतं हे तुमाला सांगितलं कुणी?"

स्वैपाकघराच्या दारात मेथीची काडी मोडायचा आवाज थांबला.

मी तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं कळलं असतं त्यांना. म्हटलं, "कुणी न्हाई. दुःखात माणूस मनचं बोलतंय."

"म्हंजे बघितलेलं न्हाई, ऐकलेलं न्हाई. मनचं."

"मनचं."

"मग तेवढंच मोबाईलमध्ये बोला. मी लावतो सगळीकडं. पोरगी दिवाळीला धाडतो, मेमध्ये धाडतो. शब्द देतो."

मी मालकांकडं बघितलं. ते उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर बसले होते, आत आलेच नव्हते. जावई त्यांना म्हणाले, "मामा, तुमीबी बसा शेजारी. दोघांनी बोला."

"मी तवाबी काय बोललो न्हवतो," मालक म्हणाले. "मी वाजवलं." आणि गल्लीकडं तोंड करून बसले.

सांगलीच्या पोरांना सांगून मी त्यांचा व्हिडिओ फोन आल्यावर लगेच काढून टाकायला लावला होता, पण तोवर तो कुणाकुणाच्या मोबाईलात उतरला होता, त्याला धरणार कसं? म्हणून मी कबूल झाले. खुर्चीवर बसले. विहीणबाई उठल्या, माझा पदर नीट केला, म्हणाल्या, "तोंड पुसा. रडका चेहरा नको." मी बोलायला लागले तर जावयांनी मोबाईल खाली घेतला.

"मामी, कार्यक्रमातल्यासारखं नको. साधं बोला."

मला साधं बोलता येईना. मी तोंड उघडलं की शब्द आपले ताल धरायचे, जन्माची खोड. दोन-तीनदा परत घेतलं. शेवटी एकेक शब्द दगड ठेवावा तसा ठेवला. माझी लेक आजारानं गेली. तिच्या सासरच्यांनी कसली हयगय केली नाही. मी वास्तुशांतीला हजर नव्हते, मी काही पाहिलेलं नाही. कार्यक्रमात बोलले ते माझ्या मनचं होतं, त्यात खरं काही नाही.

मी बोलत असताना नात दारातून उठून मागं गेली. मेथी तशीच पडली होती.

जावयांनी शब्द पाळला. दिवाळीला स्वतः आणून सोडली, चहा पिऊन गेले. ते स्थळ परत आलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पोर आली ती शहाण्यासारखी आली. एरवी दारातनं ओरडत यायची. ह्या खेपेला चपला नीट ठेवल्या, आजोबांच्या पाया पडली, माझ्या पडली. दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी करंज्या करत होते, ती कातणीनं कडा कापून देत होती. खाली बघूनच म्हणाली, "आजी, मी तुला कानात सांगितलं ते खोटं होतं का?"

"न्हाई गं बाळा."

"मग तू पप्पांच्या मोबाईलमध्ये म्हणालीस, त्यात खरं काय नाही."

मी लाटणं ठेवलं. म्हटलं, "तू सांगितलेलं सगळं खरं हाय. कार्यक्रमात बोलले ते खरं हाय. मोबाईलमधलं खोटं हाय."

ती कातणी फिरवत राहिली. म्हणाली, "पप्पांना पण माहीत हाय, खोटं हाय ते. मी पप्पांना पण सांगितलं होतं तेव्हा, मम्मी गरम लागती म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

"तिकडच्या आजीला पण माहीत हाय. तुला माहीत हाय. मग सगळ्यांना माहीत असताना कुणासाठी बोललीस?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिनं कातणी ताटात ठेवली. "माझ्यासाठी नको बोलू असलं," म्हणाली, आणि हात धुवून अंगणात गेली. अंगणात हे बसले होते. त्यांनी तिला विचारलं, "वाजवू का गं काय?" ती म्हणाली, "नको." दोघं तशीच बसून राहिली.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला जवळ घेऊन सांगितलं, की हे जे आपण बोललो ते कुपवाडला कुणाजवळ काढायचं नाही. तिनं मान हलवली. विचारलंही नाही का म्हणून. एवढ्याशा पोरीनं का म्हणून विचारू नये, हे काही मला बरं वाटलं नाही, पण मीच शिकवत होते, मग बोलणार कुणाला?

कार्यक्रमाची बोलावणी अजून येतात. भांगलणीचं बोलते मी. लोक नंतर जवळ येऊन म्हणतात, ते रडण्याचं ऐकवा की. नाही म्हणते. कोणी दोन्ही व्हिडिओ बघितलेले असतात, ते काही म्हणत नाहीत, नुसते माझ्याकडं बघतात. मालक बरोबर असतात, ठरलेलं वाजवतात, एक सूर इकडचा तिकडं होत नाही.

जावई न्यायला आले तेव्हा मी करंज्यांचा डबा बांधून दिला. मेमध्ये धाडतो म्हणाले. ती स्टँडवर त्यांचं बोट धरून उभी होती, गाडी लागली तेव्हा वळून हात केला. मे महिन्याला अजून अवकाश आहे. तोवर 'कुणासाठी बोललीस' ह्याचं तिला द्यायचं उत्तर मी शोधतेय, आणि तालात सुचतं ते सगळं खोडून टाकतेय.